कणसाचा सूर

निमोणे
ता. २० जानेवारी २०२५, सोमवार

चि. बन्सी यास आक्काचा आशीर्वाद. तुला, विठाला आन् लेकरांना जय भीम. विठाला विचार, गुडघ्याला तेल लावतीस का नुसतं बाटलीत ठेवतीस. इकडं आम्ही खुशाल. हुरडा आलाय. थंडी मरणाची आहे, गोधडीतून हात काढवत नाही, पण लिहायला बसले.

तर आधी आले ते बापूसाहेब. आपल्या स्नेहलनं सांगितलं होतं की शनिवारी सकाळी मी आमच्या मॅडमला घेऊन येते आन् मागून कॉलेजच्या संस्थेचे बापूसाहेब येतील. पण त्या माणसाला दम कुठला. त्यांची पांढरी गाडी विहाराच्या वळणावर अडकली, कारण खंडूआबा रस्त्यात बाज टाकून ऊन खात पडलेला. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आन् आबाला तर आता ढोलकीसुद्धा ऐकू येत नाही, हॉर्न कुठला. शेवटी रंभा बाहेर आली. तिनं काचेतून आत वाकून बघितलं आन् म्हणाली, "मतदान झालं की वो साहेब, आता काय राह्यलं?" बापूसाहेब हसले. म्हणाले, "आज मत न्हाई बाई, पेटी बघायला आलोय." तेवढ्यावरून दुपारपर्यंत रंभा मिरवत होती की साहेब माझ्याशी बोलले.

सम्राटनं विहारातल्या खुर्च्या आणून अंगणात मांडल्या. मी चहा केला. सून म्हणाली, त्यांना शुगर असेल, विचारून टाका. मी विचारलं, तर म्हणाले, टाका की, तुमचं नावच साखरबाई आहे ना. बघ, नाव माहीत होतं त्यांना. अख्खा कप प्याले आन् वर अर्धा मागितला. तुला ठाऊक नसेल, पण माझ्या सासऱ्यांचा कप त्यांच्या वाड्यावर वळचणीला खोचलेला असायचा. कप विसळताना रंभाला तेवढा दाखवला.

तेवढ्यात स्नेहल आन् मॅडम आल्या. सीमा मॅडम, स्नेहलच्या संगीत विभागाच्या मुख्य. बारीक अंगाची बाई आहे, पण घोटून शिकलेली. आल्या आल्या मला वाकून जय भीम केला. मला तर काय करू आन् काय नको असं झालं.

आता हे सगळे का आले ते सांगते. कॉलेजच्या संगीत विभागाला यंदा एक वाद्य घ्यायची मंजुरी आलीय. एकच घ्यायचं, पण पोरांनी वर्षानुवर्षं वाजवावं असं नामी घ्यायचं. बापूसाहेब मागल्या उन्हाळ्यात लेकाकडं, सत्यजीतकडं, लंडनला जाऊन आले. तिथं त्यांनी एक वाद्य बघितलं, तवापासून डोक्यात तेच. हार्पसीकॉर्ड. नाव मी स्नेहलकडून लिहून घेतलंय, माझ्या जिभेला ते पेलत नाही. फोटो दाखवला मला मोबाइलवर. होडीला पाय फुटावेत तसं दिसतं. झाकणाला आतून सोनेरी नक्षी. पट्ट्या आपल्या पेटीसारख्याच, पण दोन मजली. पट्टी दाबली की आत पिसाचं टोक तारेला खुडतं, तसं मॅडमनी समजावलं. मी म्हणलं, म्हंजी आत एकतारीवाला कोंडून ठेवलाय की. बापूसाहेबांना ते फार आवडलं.

पण मॅडमचं म्हणणं वेगळं. आपल्या धुळीत आन् उन्हात ते सारखं सुरात लावावं लागणार, लावणारा माणूस कुठनं आणायचा, आन् पोरं त्यावर वाजवणार काय. त्यापेक्षा जुन्या जर्मन सुरांची, म्हंजी पट्टीखालच्या पितळी जिभांची, एक अस्सल पेटी घ्यावी, तशी आता बनत नाही. त्यांनी एक दोन बघितल्याही होत्या, एका गायकाची तर आवडलीही होती. तवा मीटिंगमधे आपली स्नेहल उठून बोलली की तशी पेटी आमच्या आजोबांची आहे, आन् ती कुणा एकाची नाही, आमच्या वस्तीची आहे, ती घ्या. पोरीला अजून कायम केलेलं नाही बन्सी, तासावर पगार आहे तिचा. कायमची माणसं गप्प बसली होती आन् ही बोलली. बापूसाहेब म्हणाले, ठीक आहे, पेटी क्वालिटीची निघाली तर पेटी, नाहीतर माझं हार्पसीकॉर्ड.

मी तुला हे फोनवर सांगितलं नव्हतं. म्हणलं, ठरलं की सांगू, बन्सी उडीच मारेल.

आम्ही तर सगळं ठरवूनच टाकलं होतं. विहारात बैठक झाली, सगळ्यांनी हात वर केले. पेटी कपाटात कुलपात राहायची नाही, रोज वाजायची. खोलीच्या भिंतीवर पाटी लावणार, भीमनगर, निमोणे यांची पेटी. आन् येईल त्या पैशात विहाराच्या मागं पोरांना अभ्यासाला एक खोली, टेबल खुर्च्या, लाइट. माझ्या हयातीत आमच्या दाराशी एवढं मोठं काही आलं नव्हतं. मी कापराच्या वासाचं ते जरीचं लुगडं काढलं होतं, सम्राटच्या लग्नातलं. सून हसत होती.

मॅडमनी विचारलं, आजी, ही पेटी तुम्ही घेतली कशी? मला तेवढंच पाहिजे होतं. तुला ठाऊक आहे, मला एकदा विचारलं की मी थांबत नाही. मी सांगितलं की दुष्काळी कामं संपली त्याच्या पुढल्या साली आमच्या मालकांना पुण्यात एका म्हाताऱ्या पेटीवाल्याकडं ही दिसली. त्यांची बोटं तिच्यावरून निघेनात. पण एकट्याला झेपणारी नव्हती. मग वस्तीनं सूर वाटून घेतले. एका घरानं एक सूर. कुणी कोंबड्या विकल्या, कुणी मजुरी दिली. ज्यानं दिलं त्याची खूण त्या सुराच्या पितळेवर सुईनं कोरायची. लिहायला कुणाला येत होतं तवा. खंडूआबा हातगाडी ओढायचा, त्यानं चाक काढलं. रंभाच्या सासूनं विळा. कुणी पाखरू, कुणी नुसत्या दोन टिकल्या. मी बाजरीचं कणीस काढलं, दाणे काढता काढता सुई बोटात गेली ते सुद्धा सांगितलं. आन् दर जयंतीच्या आधी मालक विहाराच्या अंगणात पेटी उघडायचे, ज्यानं त्यानं यायचं आन् आपापला सूर मऊ कुंच्यानं पुसायचा. लहान पोरांना माहीत असायचं, आपलं घर कुठल्या पट्टीखाली आहे.

तुझंही सांगितलं. म्हणलं, माझा भाऊ तवा माझ्याकडं राहायला होता, आई गेलेली. त्याचं घर इथलं नाही म्हणून वस्तीत कुणी कुणी कुरकुरलं, पण मालक म्हणाले, पोरगं माझ्या ताटात जेवतंय तर त्याचाही एक सूर. त्यानं पतंग काढला. मॅडम म्हणाल्या, किती छान. मी म्हणलं, तो आता दौंडला मोठा गायक झालाय, यांनीच हात धरून शिकवलं त्याला. बापूसाहेबांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, कौतुकानं.

मग मॅडम मांडी घालून खाली बसल्या. आपल्या रीतीनं मेणबत्ती लावली, त्रिशरण झालं, मग मी पेटीवरचं फडकं काढलं. तू भाता नवा घालून आणून दिलीस तवापासून ती तशीच होती. स्नेहलनं एकदा दिवाळीत वाजवून बघितली होती, म्हणाली, आजी, आवाज बसलाय गं. मी तुला फोन केला तर तू म्हणालास, नवा भाता आहे, बसायला वेळ लागतो. मी तिला तसं सांगितलं. तुझे दाजी गेल्यावर पेटी उघडायचं धाडस कुणाला होतं.

मॅडमनी वाजवायला सुरुवात केली आन् मी डोळे मिटले. आधी मला वाटलं, थंडीनं असेल. आवाज पातळ. रिकाम्या डब्यात खडे हलवावेत तसा. त्या खालून वर गेल्या, वरून खाली आल्या, आन् मधल्या सप्तकातल्या पंचमावर त्यांचं बोट थांबलं. अंगावर काटा आला बघ माझ्या. तोच आवाज, भरलेला, आपल्या पेटीचा. शेजारची पट्टी दाबली, पुन्हा डबा. पुन्हा पंचम, पुन्हा तो आवाज. असं किती वेळा केलं त्यांनी.

त्या म्हणाल्या, "आजी, एवढी एकच पट्टी अशी कशी बोलते?"

मी हसले. म्हणलं, भाता नवा आहे, बसायला वेळ लागतो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, आन् मग विचारलं, उघडू का? मी म्हणलं, उघडा की. स्नेहलनं मोबाइलचा उजेड धरला. मॅडमनी आतली सुरांची फळी काढून मांडीवर घेतली. सगळे सूर नवे. पिवळे धमक, लग्नातल्या भाड्याच्या दागिन्यासारखे. आन् त्यांच्यामधे एकच काळपट. त्याच्यावर माझं कणीस.

खंडूआबाला ऐकू येत नाही, म्हणून तो आतापर्यंत खुशीत होता, मॅडमच्या बोटांकडं बघून मान डोलावत होता. तो उठून आला. जिथं त्याचं चाक असायचं तिथं त्यानं बोट ठेवलं. मग बाजूला ठेवलं. मग सगळ्या फळीवरून फिरवलं.

"वैनी," मला म्हणाला, "माझं चाक कुठं हाय?"

बन्सी, मी काय सांगायचं होतं त्याला?

पहिल्यांदा मनात आलं ते सांगते, हसू नकोस. मला वाटलं, ज्यानं कुणी नेले, त्यानं माझा ठेवला. माझा काढायला त्याचा हात झाला नाही. एवढ्या सगळ्यात मला ते बरं वाटलं. कुणाचा हात ते तवाच कळलं होतं, तरी बरं वाटलं.

मग बापूसाहेब बोलले. ते मॅडमना म्हणाले, दौंडची ती पेटी आठवते का तुम्हाला? मॅडमनी मान हलवली, पण माझ्याकडं बघेनात. तवा एकेक कळत गेलं. दिवाळीआधी त्यांच्या ओळखीच्या कारखान्यावर तुझ्या गाण्याच्या पार्टीचा कार्यक्रम होता. बापूसाहेबांना तुझी पेटी इतकी आवडली की हार्पसीकॉर्ड बाजूला ठेवून त्यांनी तिथंच विचारलं, कॉलेजला देणार का. तू देतो म्हणालास. मॅडम दौंडला तुझ्या घरी येऊन ऐकून गेल्या, विठानं त्यांना भजी खाऊ घातली. ती आवडलेली पेटी ती तुझी. त्यांनी तुला सांगितलं होतं की पेटी अप्रतिम आहे, फक्त मधला पंचम हलका लागतो, तेवढा सूर बदलून द्या. आन् तू म्हणालास, बदलून देतो, तिथला मूळ सूर माझ्या माहितीत आहे.

मागल्या आठवड्यात तुझा फोन आला होता. आक्का, एकदा येऊन भाता बघून जातो म्हणालास. मी म्हणलं, ये की, हुरडा खायलाच ये. विठासाठी शेंगा बांधून ठेवल्या होत्या मी.

तर मला बरं वाटलं होतं ते एवढ्यापुरतंच. भाता नाही, माझं कणीस न्यायला येणार होतास तू.

बापूसाहेबांनी विचारलं, "आजी, तो बन्सी तुमचा सख्खा भाऊ?" सगळी वस्ती माझ्या तोंडाकडं बघत होती. स्नेहलच्या मोबाइलचा उजेड फळीवर हलत होता. माझ्या तोंडातून काय निघालं तर, "व्हय, सख्खा. सूर त्याच्याकडंच हायेत. वाजते राहावेत म्हणून मीच दिलेत. आणून लावतो तो."

का बोलले, विचारू नकोस. तू लहान असताना शेजारच्या घरातनं भाकरी उचललीस तवासुद्धा मीच म्हणाले होते की मी दिली. सवय.

पण भाकरी वेगळी. रंभा लगेच म्हणाली, "दिलेत? आमचा इळा कुणाला इचारून दिलात, काकी?" आन् मग फळीकडं हात करून म्हणाली, "तुमचं कणीस तेवढं जाग्यावर हाय बरं का." ती एवढंच बोलली. मग एकेक उठून गेला. मगाशी हुरड्याचं ताट घेऊन आलेली माणसं ताट न घेता गेली.

तू माझा एक ठेवलास आन् सगळ्यांचे नेलेस, त्यानं काय झालं कळलं का? मी तुझ्यात धरली गेले. माझा नेला असतास तर मी पण त्यांच्यात बसून तुला शिव्या दिल्या असत्या.

बापूसाहेब वाईट माणूस नाही. उठताना समजुतीनं बोलले. म्हणाले, आजी, घरोघरी असतं हे, मनाला लावून घेऊ नका. आन् गाडीत बसताना मॅडमना म्हणाले, आम्हाला ऐकू येईल असं, "म्हणून मी म्हणतो, नवं सीलबंद वाद्य घ्यावं. त्यात कुणाचा भाऊ नसतो." ड्रायव्हर हसला. मी सुद्धा हसले, काय करणार. आमच्या दारात, आमच्या चहावर, आमच्या माणसानं ही पाळी आणली.

मॅडम थोड्या मागं थांबल्या. त्यांनी माझा हात धरला आन् म्हणाल्या, मी साहेबांना थांबवते, आजी, तुम्ही शब्द दिलाय तर मी पुन्हा येते. मूळ सूर जाग्यावर आले तर ही पेटी हार्पसीकॉर्डला मागं सारेल, ते माझ्यावर सोडा. आन् दौंडची पेटी कॉलेज घेणार नाही, ते त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं.

स्नेहल रडली नाही. कप घासत बसली, चारचारदा तोच कप. मग म्हणाली, "आजी, मी त्या कॉलेजात हाय हे बन्सीआजोबांना ठाऊक होतं ना?" मी म्हणलं, ठाऊक कसं नाही, तुझा पहिला पगार झाला तवा पेढे घेऊन मीच गेले होते दौंडला. ती बरं म्हणाली. सोमवारी कॉलेजला गेलीय आज, त्याच मीटिंगवाल्या माणसांत. मला तिचा अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू. काल दिवसभर मला तोच पुरला.

आता एक लिहायचंय, त्याच्यासाठी एवढं सगळं लिहिलं असं समज.

ऑक्टोबरात दौंडला धम्मचक्राच्या दिवशी तुझा कार्यक्रम होता, तू मला पुढच्या रांगेत बसवलं होतंस. तू पेटीला हात लावलास आन् मला दाजी दिसले. खरंच दिसले. मान कलती करून बसलेले. मी शेजारच्या बाईचा हात दाबला आन् म्हणाले, बघा, माझ्या मालकाचा हात उतरलाय माझ्या भावात. माझ्या डोळ्यातलं पाणी थांबेना. तू वरून माझ्याकडं बघितलंस आन् लगेच खाली बघितलंस. मला वाटलं, तुला भरून आलं. घरी येऊन मी सगळ्या वस्तीत सांगत फिरले. खंडूआबाला तर त्याच्या कानात ओरडून सांगितलं की तुमची ढोलकी असती तर जुने दिवस आले असते. तो किती खूश झाला. त्याचंच चाक तिथं वाजत होतं आन् मी त्याला सांगत होते की बन्सीचा हात चांगला आहे.

पेटी आणून दिलीस तवा मी तुला कोंबडा कापला. ज्वारीचं पोतं गाडीत टाकलं. तू जेवलास. दोन वेळा रस्सा मागून घेतलास.

दाजींनी शेवटी पेटी वस्तीची म्हणून सांगितलं, तुझं नाव घेतलं नाही, हे तुला लागलं होतं. मला दिसत होतं ते. मी विचारलं नाही, तू बोलला नाहीस. तू मागितली असतीस तर मी नाहीच म्हणाले असते, कारण ती माझी नव्हती. पण मागून तर बघायचं होतंस. भांडायचं होतंस. विहारात येऊन सगळ्यांसमोर म्हणायचं होतंस की मी त्यांचा शिष्य आहे, मला द्या. काही लोकांनी हो म्हणलं असतं. खंडूआबानं तर म्हणलंच असतं.

फोनवर हे होत नाही. फोनवर तू आक्का म्हणशील आन् मी विरघळेन, म्हणून पोस्टानं पाठवते. विठाला वाचून दाखवायचं का नाही ते तू बघ. तिला यातलं काही माहीत नसेल असं मी धरून चालते.

काल मी स्नेहलकडून माझं कणीस काढून घेतलं आन् खंडूआबाच्या हातात दिलं. म्हणलं, सगळ्यांचे येतील तवा माझा लावा, तोवर माझाही नाही. त्यानं तो धोतराच्या सोग्यात बांधून ठेवलाय. रंभानं बघितलं आन् संध्याकाळी कालवणाची वाटी आणून दिली.

तू ये. सूर घेऊन ये. माझ्या घरात यायचं नाही, विहाराच्या अंगणात बसायचं. आबाचं चाक आबाच्या हातात द्यायचं, विळा रंभाच्या, ज्याचं त्याला. त्यांना तुला जे बोलायचं ते बोलतील. मी मधे पडणार नाही, जन्मभर पडले. मग तुझ्या हातानं सगळे बसव, तेवढं तुला येतं. तुझा पतंग आणायचा का तुझ्याकडंच ठेवायचा ते तुझं तू ठरव. ती पट्टी मुकी राहिली तर राहिली, मॅडमला मी सांगेन.

आन् नाही आलास तर बैठकीत उभी राहून मी सांगेन की मी खोटं बोलले. दिले नव्हते, नेले. तुझं नाव घेऊन सांगेन. मग इथं तुला कुणी भाऊ म्हणायला राहायचं नाही, मी सुद्धा.

चौफुल्याहून न्हावऱ्याची गाडी असते, न्हावऱ्याला उतर, सम्राट मोटारसायकल घेऊन येईल. त्याला अजून मी काही म्हणू दिलेलं नाही.

मॅडम बापूसाहेबांना घेऊन परत येते म्हणून गेल्यात. रविवारी, दोन फेब्रुवारीला, सकाळी.

वाट बघत नाही असं लिहिणार होते. बघते.

आक्का